वात्सल्याचा तट

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या दक्षिणेस, ओकायामा प्रांताच्या किनाऱ्याला लागून, सेतो नावाच्या शांत अंतर्गत सागरात नागाशिमा नावाचे एक बेट आहे. नागाशिमा म्हणजे लांबट बेट. मुख्य भूमी आणि हे बेट यांच्यामधले पाणी अगदी अरुंद जागी तीसएक मीटर असेल. एका काठावरून हाक मारावी आणि दुसऱ्या काठावरच्याने ओ द्यावी, इतकेच ते अंतर. तरीही १९३० सालापासून १९८८ सालापर्यंत, म्हणजे तब्बल अठ्ठावन्न वर्षे, या एवढ्याशा पाण्यावर पूल नव्हता. ज्या राष्ट्राने या अवधीत डोंगर पोखरून, समुद्राखालून आगगाड्या नेल्या, त्याला तीस मीटरांचा पूल जड होता असे कोण म्हणेल? पूल नव्हता, कारण तो नसावा अशीच योजना होती. आणि ही योजना ज्याने मनापासून आखली, तो मनुष्य कोणी निर्दय अंमलदार नव्हता, तर आपले सारे आयुष्य कुष्ठरोग्यांच्या उशाशी काढलेला, पुष्कळ रुग्ण ज्याला प्रेमाने पिता म्हणत, असा एक वैद्य होता. डॉक्टर मित्सुदा केन्सुके हे त्याचे नाव. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते, तसेच ते येथे लिहिले आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्या आजीपणजींच्या तोंडी या रोगाची नावे रक्तपिती आणि महारोग अशी होती, आणि ती उच्चारताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. जपानी भाषेतही 'राई' असा एक जुना शब्द होता. त्यात रोगापेक्षा कलंकच अधिक भरलेला असल्यामुळे आज तेथे तो टाळतात आणि हॅन्सेनचा रोग असे म्हणतात. मी कुष्ठरोग हा शब्द योजला आहे, कारण आपल्या दवाखान्यांतून तोच रूढ आहे.

नॉर्वेतील बेर्गेन नगरात हॅन्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू ओळखला आणि पिढ्यान्‌पिढ्या पापाचे फळ, रक्ताचा दोष किंवा देवाचा कोप मानली गेलेली ही व्याधी एका सूक्ष्म जीवाची करणी ठरली. ज्ञानाचा हा मोठाच विजय होता. पण त्याच्या पोटातून एक नवे भय जन्मास आले. रोग जंतूपासून होतो, म्हणजे तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. आणि जातो, म्हणजे ज्याला तो जडला आहे त्याला दूर ठेवले पाहिजे, असा तर्क सरळ निघाला. १८९७ साली बर्लिन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषदेने विलगीकरणाचा पुरस्कार केला. नॉर्वेत मात्र रुग्णाला आपल्या घरीच, वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्याकुंड्यांसह राहण्याची मुभा होती. परिषदेचा ठराव पूर्वेकडे पोहोचला. ही मुभा बहुधा वाटेतच गळाली.

त्या काळच्या जपानात कुष्ठरोग्याचे जिणे कसे होते हे जाणल्याशिवाय मित्सुदांच्या मनाची घडण समजावयाची नाही. ज्याला रोग दिसू लागे त्याच्यामुळे घरातील मुलीबाळींची लग्ने अडत, भावंडांचे नाव बुडे. म्हणून एखाद्या रात्री तो आपण होऊन घर सोडी किंवा त्याला सोडावयास लावीत, आणि मग देवळांच्या वाटांवर भीक मागत तो आपले उरलेले दिवस काढी. कुमामोतो येथील होन्म्योजी देवळाच्या पायऱ्यांवर अशा अभाग्यांची रांग बसलेली असे. १८९१ च्या वसंतात, चेरीचा बहर पाहावयास गेलेल्या हान्ना रिडेल या इंग्रज बाईंना तो देखावा दिसला, आणि पुढे १८९५ साली त्यांनी त्याच गावी रुग्णालय काढले. त्यापूर्वी, १८८९ साली, तेस्तव्हीद नावाच्या एका फ्रेंच धर्मोपदेशकाने फुजी पर्वताच्या परिसरात रुग्णालय उघडले होते. परदेशी माणसांनी येऊन आपल्या रोग्यांची शुश्रूषा करावी आणि परदेशी प्रवाशांनी ते रस्त्यावर पाहावेत, याची नव्याने बलाढ्य झालेल्या जपानी राज्यास लाज वाटू लागली. कुष्ठरोगविषयक पहिला कायदा १९०७ साली झाला तो या लाजेतून. त्याचा रोख घरदार नसलेल्या, रस्त्यावर भटकणाऱ्या रोग्यांना उचलून बंदोबस्तात ठेवण्यावर होता. आपल्याकडे इंग्रजी अंमलात १८९८ साली झालेला कायदाही निर्धन, भिक्षेकरी रोग्यांनाच धरून होता, हे येथे आठवते.

मित्सुदांचा जन्म १८७६ साली यामागुची प्रांतात झाला. ते कोणा विद्यापीठाचे पदवीधर नव्हते; तोक्योतील एका खाजगी वैद्यकशाळेत शिकून सरकारी परीक्षेच्या वाटेने ते वैद्य झाले, आणि पुढे तोक्योच्या विश्वविद्यालयात विकृतिशास्त्राचा अभ्यास करून १८९८ साली योइकुइन या शहराच्या अनाथाश्रमात नोकरीस लागले. या आश्रमाचे प्रमुख होते शिबुसावा एइची, आधुनिक जपानच्या बँकांचे आणि कारखान्यांचे आद्य प्रवर्तक. अनाथ, वृद्ध, वेडे, रोगी अशा सर्वांना एकाच छपराखाली कोंबलेल्या त्या जागेत या तरुण वैद्याला इतर रोग्यांच्या अंथरुणांत मिसळून पडलेले कुष्ठरोगी आढळले. ज्यांच्याजवळ जाण्यास सहकारी कचरत, त्यांच्या जखमा त्याने धुतल्या. मरण पावलेल्यांची शवविच्छेदने स्वहस्ते केली. आणि वरिष्ठांमागे लागून त्यांच्यासाठी एक निराळा कक्ष मिळविला. त्या कक्षाचे नाव होते 'काइशुन', म्हणजे वसंताचे पुनरागमन. ज्यांना देवळाच्या पायरीखेरीज जागा नव्हती त्यांना अंथरूण, अन्न आणि औषध मिळाले. मित्सुदांच्या आयुष्यातील पहिली भिंत ही अशी आसऱ्याची भिंत होती, आणि पुढच्या सर्व भिंती त्यांना तशाच दिसत राहिल्या असाव्यात असे मला वाटते.

१९०७ च्या कायद्यान्वये १९०९ साली देशात पाच प्रादेशिक रुग्णालये उघडली. त्यांपैकी तोक्योच्या पश्चिमेस, हिगाशिमुरायामाच्या रानात उभारलेल्या झेन्सेई रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागाची धुरा मित्सुदांकडे आली. प्रारंभी तेथील संचालकाच्या जागेवर पोलीस खात्यातील माणूस होता, यावरून सरकार या कामाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते ते उघड होते. १९१४ साली मित्सुदा स्वतः संचालक झाले. रुग्णालयाभोवती काटेरी पानांच्या हिइरागी झाडांचे दाट कुंपण होते. आतल्या रहिवाशांनी माती वाहून वाहून एक टेकाड रचले. त्यावर चढले की कुंपणापलीकडचा मुलूख दिसे आणि आपल्या गावाच्या दिशेला तोंड करून उभे राहता येई.

येथे मित्सुदांच्या हातून जे शास्त्रीय कार्य झाले ते थोर होते, आणि त्याकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण या कथेचे मर्म मला त्यातच दिसते. कुष्ठरोग्याच्या शरीरावरील गाठ काढून, उकळून, जंतू निर्जीव करून, वाटून तयार केलेला द्रव सुईने त्वचेत अगदी थोडा टोचावयाचा आणि वाट पाहावयाची. तीनचार आठवड्यांनी काहींच्या त्वचेवर त्या जागी एक टणक पुटकुळी उठते, काहींच्या त्वचेवर काहीच उठत नाही. या परीक्षेला पुढे जगभर मित्सुदा-प्रतिक्रिया हे नाव मिळाले. १९१९ च्या सुमारास त्यांनी ती मांडली, आणि त्यांचे शिष्य हायाशी फुमिओ यांच्या १९३३ च्या निबंधामुळे ती सर्वत्र मान्य झाली. या परीक्षेवरून रोग आहे की नाही ते कळत नाही. कळते ते एवढेच, की या देहात त्या जंतूशी झुंजण्याची शक्ती आहे की नाही. ज्यांच्या अंगभर गाठी पसरलेल्या असतात अशा रुग्णांत पुटकुळी उठत नाही, कारण त्यांच्या देहाने शत्रूला ओळखण्याचेच सोडून दिलेले असते. ज्यांच्यात रोग दोनचार चट्ट्यांपुरता आटोक्यात राहतो त्यांच्यात ती उठते. आणि निरोगी प्रौढ माणसांत? त्यांच्यापैकी बहुतेकांत ती उठते, ज्या मुलखात हा रोग नाही तेथेसुद्धा.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ काय? मनुष्यजातीतील बहुसंख्य लोकांच्या ठायी या रोगाला परतवून लावण्याचे सामर्थ्य निसर्गतःच आहे. जंतू अंगात शिरला तरी रोग जडतो तो फार थोड्यांना. रुग्णालयांतील वैद्य, परिचारिका, मदतनीस वर्षानुवर्षे रोग्यांमध्ये वावरत, आणि त्यांना हा रोग जडल्याचे सहसा दिसत नसे, याचेही इंगित हेच. कुंपणाची, बेटाची, पाण्याची आवश्यकता किती थोडी आहे हे सांगणारा साक्षीदार मित्सुदांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत, त्यांच्याच नावाने उभा होता. त्यांनी त्याची साक्ष काढली नाही. हा प्रश्न मला पुन्हापुन्हा छळतो. ते अज्ञानी नव्हते, अप्रामाणिकही नव्हते. मला दिसते ते असे की, त्यांच्या मनातील रोगी म्हणजे योइकुइनच्या जमिनीवर पडलेला, सर्वांनी टाकलेला तो पहिला रोगी. त्याला बाहेर सोडणे म्हणजे पुन्हा देवळाच्या पायरीवर सोडणे, अशी त्यांची खूणगाठ बांधलेली होती. ज्याला आपण वाचविले तो कधी उठून उभा राहील आणि आपल्या वाटेने जाऊ म्हणेल, ही कल्पना त्यांच्या वात्सल्यात बसत नव्हती.

बाप मुलांवर माया करतो आणि त्यांना शिस्तही लावतो. १९१६ साली संचालकांना आपल्या रहिवाशांस शिक्षा करण्याचा, त्यांचे अन्न कमी करण्याचा, त्यांना कोठडीत डांबण्याचा अधिकार मिळाला; न्यायाधीश नाही, वकील नाही, अपील नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९१५ साली, झेन्सेईमध्ये आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. आतील स्त्रीपुरुष एकमेकांकडे ओढले जात, मुले होत, त्या मुलांचे काय करावे हा पेच पडे. मित्सुदांनी असे ठरविले की, आत विवाह करण्यास प्रतिबंध नाही, मात्र पुरुषाने आधी नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली पाहिजे. विवाहित मनुष्य स्थिरावतो, कुंपण ओलांडून पळत नाही, असाही त्यात हिशेब होता. त्या वेळी कोणत्याही कायद्याने या शस्त्रक्रियेला मंजुरी नव्हती. ती १९४८ च्या सुप्रजननविषयक कायद्यात प्रथम आली. ज्या स्त्रियांना तरीही दिवस गेले त्यांचे गर्भ पाडण्यात आले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षांनंतर एका चौकशी समितीने निरनिराळ्या रुग्णालयांची दप्तरे आणि कोठारे तपासली तेव्हा काचेच्या बरण्यांत ठेवलेले शंभरांहून अधिक अर्भकदेह सापडले. ते तेथे का ठेवले होते हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

१९३० साली नागाशिमा बेटावर पहिले राष्ट्रीय कुष्ठालय स्थापन झाले आणि मित्सुदा त्याचे पहिले संचालक झाले. संस्थेचे नाव आइसेई-एन, म्हणजे जीवनावर प्रेम करणारे उद्यान. याहूनही दूरच्या, दक्षिणेकडील इरिओमोते बेटावर सारे रोगी नेऊन वसवावेत असे त्यांनी एकेकाळी मनात आणले होते; ते घडले नाही, तेव्हा हे जवळचे बेट पत्करले. १९३१ च्या मार्च महिन्यात झेन्सेईतून आणलेले ८१ रुग्ण तेथे उतरले, आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने रस्त्यावरचे आणि घरातले हा भेद पुसून टाकला. आता जो कोणी रुग्ण असेल त्याला, तो आपल्या घरी आपल्या माणसांत सुखाने राहत असला तरी, उचलून नेता येऊ लागले. 'कुष्ठरोगीविरहित प्रांत' अशी घोषणा करून एकेक प्रांत चढाओढीने कामाला लागला. शेजारी शेजाऱ्याची, शिक्षक विद्यार्थ्याची खबर देऊ लागला. पोलीस दारात येत, घरावर पांढरे जंतुनाशक फवारीत आणि रोग्याला स्वतंत्र डब्यात बसवून रवाना करीत. ते पांढरे झालेले घर गावाला जे सांगावयाचे ते सांगून टाकी, आणि मागे राहिलेल्या आईबापांना, बहिणींना आपलेच गाव परके होई.

बेटावर उतरल्यानंतर रुग्णाला प्रथम जंतुनाशक घातलेल्या पाण्याने न्हाऊ घालीत. त्याचे कपडे, सामान काढून घेऊन धुरी देत. जवळचे पैसे जमा करून त्यांच्या बदल्यात केवळ त्या बेटावर चालणारी नाणी हाती देत, म्हणजे होडीवाल्याला देण्यासारखे काही त्याच्यापाशी उरत नसे. पुष्कळ जण येथे आपले नाव टाकून दुसरे घेत, घरच्यांना बट्टा लागू नये म्हणून. आणि त्याच परक्या नावाने पुढे जगत, लग्न करीत, मरत.

आणि तरीही हे स्थळ केवळ तुरुंग होते असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. बेटावर शेते होती, शाळा होती, नाटके होत, वाद्यवृंद होता, काव्यमंडळे होती. आकाशी काइजिन हा कवी येथेच दृष्टी गमावूनही तांका रचीत राहिला, आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'हाकुब्यो' या संग्रहाने सारा जपान हेलावला; त्याच वर्षी तो वारला. १९४३ च्या उन्हाळ्यात वैद्यकाची एक विद्यार्थिनी, कामिया मिएको, थोडे दिवस येथे राहून गेली, आणि येथल्या माणसांनी तिच्या मनात जो प्रश्न पेरला त्याचा ठाव घेण्यासाठी ती पुढे मानसोपचारतज्ज्ञ म्हणून परत आली. जगण्याला अर्थ कशाने येतो याविषयीचा तिचा १९६६ चा ग्रंथ या बेटावरील माणसांपासून शिकून लिहिलेला आहे. तिने मित्सुदांविषयी आदरानेच लिहिले. संचालकमहाशय वृद्धापकाळीही रुग्णांत वावरत, सुखदुःख विचारीत, मृताच्या देहासमोर मस्तक नमवीत. आपण सारे एक कुटुंब आहोत, असे ते सांगत, आणि ते त्यांच्या अंतःकरणातून येई.

या कुटुंबात १९३६ साली जे घडले त्यावरून त्यांच्या करुणेची जात फार स्पष्टपणे कळते. बाहेर अजून हजारो रोगी निराधार आहेत, हे शल्य मित्सुदांना सतत टोचत असे. सरकारी मंजुरी ठराविक संख्येपुरतीच. म्हणून त्यांनी देशभर आवाहन करून लोकांच्या देणग्यांतून दहा त्सुबोंची, म्हणजे सुमारे तेहेतीस चौरस मीटरांची, लहान लहान घरे उभारण्याची मोहीम काढली. शाळेतल्या मुलांनी खाऊचे पैसे दिले, बायकांनी वर्गणी गोळा केली. बांधकामाला रुग्णांचेच हात लागले. घरे वाढली तशी माणसेही वाढत गेली, मंजूर संख्येच्या कितीतरी पलीकडे. परंतु अन्नाचा, औषधाचा, कपड्यांचा पैसा मंजूर संख्येपुरताच येत होता. तेव्हा प्रत्येक नव्या माणसाला दिलेला घास जुन्या माणसाच्या ताटातून उचललेला असे. काम तर सर्वांना होतेच. धडधाकट रुग्णांनी अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करावयाची, स्वयंपाक, धुणी, बांधकाम, एवढेच नव्हे तर मृतांचे दहनही त्यांनीच करावयाचे. या रोगात मज्जातंतू निकामी होऊन हातापायांची संवेदना जाते. भाजले तरी कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही, आणि मग जखम चिघळून बोट झडते. बोटे रोगाने आपोआप गळून पडतात हा आपल्याकडचाही समज खरा नव्हे; ती न कळलेल्या जखमांनी जातात. ज्या हातांना विश्रांती हवी होती त्या हातांनी बेटावर रस्ते बांधले.

त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात रहिवाशांनी काम बंद केले. संख्या आटोक्यात ठेवा, आम्हांला आमचा कारभार पाहू द्या, आणि संचालकांनी राजीनामा द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मित्सुदांना याचा जबर धक्का बसला असला पाहिजे. बाहेरच्या दुःखितांसाठी आपण दारोदार भीक मागतो आणि आतली आपलीच लेकरे आपणांस जा म्हणतात! त्यांना ती कृतघ्नता वाटली असेल तर नवल नाही. पण त्या मागण्या एकदा शांतपणे वाचाव्यात. त्यांत दयेची याचना कोठेच नाही. आपल्या जगण्यासंबंधी आपले मत विचारले जावे, एवढेच मागणे आहे. मित्सुदांच्या करुणेत सर्व काही होते, अन्न होते, औषध होते, छप्पर होते, अश्रूही होते. रुग्णाच्या मताला मात्र तीत जागा नव्हती. संप मिटला, मर्यादित स्वरूपाचे एक रहिवासी मंडळ मिळाले, संचालक आपल्या जागी राहिले.

दोनच वर्षांनी, १९३८ साली, कुसात्सु येथील थंडगार डोंगरात, कुर्यु राकुसेन-एन या कुष्ठालयाच्या आवारात, देशातील सर्व संस्थांतील 'उद्दाम' रुग्णांसाठी एक कठोर तुरुंग बांधण्यात आला. तेथील कोठड्यांत उजेड जवळजवळ नसे, आणि हिवाळ्यात अंथरूण गोठे. १९४७ पर्यंत नव्वदांहून अधिक माणसे तेथे डांबली गेली आणि त्यांतली वीसांहून अधिक मृत्यू पावली. त्यांच्यापैकी कोणावरही खटला चाललेला नव्हता.

या सर्व काळात निराळे बोलणारा एकही वैद्य जपानात नव्हता काय? होता. क्योतोच्या विश्वविद्यालयातील ओगासावारा नोबोरु हे बुद्धमंदिराच्या कुळात जन्मलेले वैद्य म्हणत की, हा रोग असाध्य नाही, त्याची संसर्गशक्ती क्षीण आहे, तो कोणाला जडतो हे देहप्रकृतीवर आणि दारिद्र्यावर अवलंबून आहे. म्हणून रोग्याला घरून ये-जा करू द्यावी. ते स्वतः तसेच उपचार करीत. १९४१ च्या नोव्हेंबरात ओसाका येथील परिषदेत त्यांच्यावर चहूंकडून हल्ला झाला आणि त्यांना एकटे पाडण्यात आले. त्यांचे शास्त्र सर्वांशी बिनचूक होते असे नाही. पण मित्सुदांच्या परीक्षेचा आशय मित्सुदांपेक्षा या मनुष्याच्या आचरणात अधिक उतरला होता.

युद्धाच्या अखेरीस उपासमारीने आणि क्षयाने बेटावर हाहाकार उडाला. १९४५ या एका वर्षात शेकडो माणसे गेली. आणि मग, सर्व आशा संपलेल्या त्या क्षणी, औषध आले. तोवर कडूकवठाच्या जातीच्या बियांचे तेल, जे जपानी वैद्यांकडेही होते आणि आपल्या कोकणातल्या वैद्यांच्या बटव्यातही होते, हाच एक उपाय होता; त्याची सुई विलक्षण दुखे आणि गुण बेताचाच येई. अमेरिकेतील कारव्हिल येथे १९४१ पासून प्रोमिन नावाचे द्रव्य वापरून पाहिले गेले आणि गाठी विरू लागल्या, व्रण भरू लागले. तोक्योचे रसायनज्ञ इशिदाते मोरिझो यांनी १९४६ साली ते जपानात तयार केले. पुरवठा तोकडा होता. तेव्हा रुग्णांनी अर्ज केले, उपोषणे केली, आणि १९४९ साली सरकारी अंदाजपत्रकात प्रोमिनसाठी रक्कम मिळविली. रोग बरा होऊ लागला होता. मग भिंत कशासाठी?

१९५१ साली नोव्हेंबरच्या ३ तारखेस, जपानचा संस्कृतिसन्मान मित्सुदांना मिळाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ८ तारखेस, ते वरिष्ठ सभागृहाच्या आरोग्यसमितीपुढे साक्षीसाठी उभे राहिले. त्यांच्यासोबत आणखी दोन संचालक होते, हायाशी योशिनोबु आणि मियाझाकी मात्सुकी. पंचाहत्तर वर्षांच्या त्या सन्मानित वृद्धाने तेथे मागितले ते असे की, जे येत नाहीत त्यांना सक्तीने आणण्याचा अधिकार अधिक बळकट करावा आणि पळून जाणाऱ्यांस शासन व्हावे. ही बातमी कुष्ठालयांत पोहोचली तेव्हा रुग्णांत क्षोभ उसळला. १९५३ साली नवे विधेयक आले तेव्हा त्यांनी उपोषणे केली, संसदेसमोर ठाण मांडले. पण ऑगस्टमध्ये कायदा झालाच. त्यात आत नेण्याची तजवीज होती, बरे झालेल्याला बाहेर पाठविण्याची एकही नव्हती. १९५६ साली रोम येथे भरलेल्या परिषदेने असले खास कायदे रद्द करा म्हणून सांगितले. १९५८ साली आंतरराष्ट्रीय कुष्ठरोग परिषद खुद्द तोक्योत भरली आणि तिनेही तेच सांगितले. कायदा जागचा हलला नाही.

आपल्याकडे ज्या सुमारास वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीत आनंदवनाच्या विहिरीचे काम चालले होते, त्याच सुमारास तिकडे ही साक्ष होत होती. अमेरिकेतील डेमियन-डटन पारितोषिक १९६१ साली मित्सुदांना आणि १९८३ साली बाबा आमट्यांना मिळाले. दोघांची तुलना करण्याचा मोह मी आवरतो, कारण दोघांचे देश, काळ आणि अधिकार निराळे. एवढेच नमूद करतो की, आनंदवनात रुग्ण जे पिकवीत आणि विणीत ते बाजारात जात होते, आणि आइसेई-एनमधले पैसेसुद्धा बेटाबाहेर चालत नव्हते.

मित्सुदा १९५७ साली निवृत्त झाले आणि १९६४ साली वारले. त्यांच्या सोबत साक्ष देणाऱ्यांपैकी मियाझाकींची कथा मात्र आपल्या देशाशी येऊन भिडते. कुमामोतो येथील कुष्ठालयाचे अनेक वर्षे संचालक राहिलेले हे गृहस्थ उतारवयात भारतात आले आणि आग्रा येथे जपानी देणग्यांतून त्यांनी जाल्मा या नावाने ओळखले जाणारे केंद्र उभारले. १९६७ साली ते सुरू झाले. तेथे रुग्ण आपल्या घरून येत, औषध घेत आणि घरी परत जात. ज्या हातांनी एकदा कुंपण उंच करण्याची मागणी केली होती त्याच हातांनी हा उघड्या दाराचा दवाखाना चालविला. १९७२ च्या १४ जूनला दिल्लीजवळ कोसळलेल्या जपानी विमानात ते होते. १९७६ साली ते केंद्र भारत सरकारच्या स्वाधीन झाले आणि आजही चालू आहे. त्यांच्या मनात काय पालटले हे ते लिहून गेले असते तर या प्रकरणाला एक निराळेच पान लाभले असते.

नागाशिमाचा पूल १९८८ च्या मे महिन्यात खुला झाला. त्यासाठी रहिवाशांनी वर्षानुवर्षे अर्ज केले होते; त्या पुलाला लोक मानवतेच्या पुनःप्राप्तीचा पूल म्हणतात. कायदा १९९६ च्या १ एप्रिलला रद्द झाला, तेव्हा देशातील तेरा राष्ट्रीय कुष्ठालयांत साडेपाच हजारांच्या आसपास माणसे होती, सत्तरीच्या घरातील, रोगातून केव्हाच बरी झालेली. १९९८ साली त्यांच्यापैकी तेरा जणांनी राज्यावर फिर्याद केली, आणि कुमामोतोच्या न्यायालयाने ११ मे २००१ रोजी विलगीकरणाचे हे धोरण घटनाबाह्य ठरविले. पंतप्रधान कोइझुमी यांनी अपील न करण्याचा निर्णय घेतला आणि सरकारने क्षमा मागितली. पुढे २०१९ साली त्याच न्यायालयाने रुग्णांच्या कुटुंबीयांनाही, त्या पांढऱ्या फवारलेल्या घरांत मागे राहिलेल्यांना, न्याय दिला.

दार उघडले, पण बहुतेक जण गेले नाहीत. जावयाचे कोठे? आईबाप नाहीत, मुले होऊ दिली नव्हती, भावंडांच्या सुनानातवंडांना असा कोणी आपला नातलग आहे हेच ठाऊक नव्हते. बेटावर एक अस्थिगृह आहे. मृतांच्या अस्थी घरचे नेत नसत, म्हणून ते बांधावे लागले; तेथे तीन हजारांहून अधिक माणसांच्या अस्थी मातीच्या लहान कलशांत ओळीने मांडलेल्या आहेत, त्यांतल्या अनेकांवर बेटावर घेतलेलीच नावे आहेत. निकालानंतर काही कुटुंबे आली आणि आपापला कलश पुलावरून घेऊन गेली. बाकीचे अजून तेथेच आहेत.